नळ आला का?

आमच्या घरी १९८६ साली टीव्ही आला. काळा-पांढरा, चौदा इंची, वर एक हँडल, आणि खोक्यावर ‘पोर्टेबल’ असं छापलेलं. वडिलांनी या शब्दाचा अर्थ अख्ख्या चाळीला समजावून सांगितला होता : हँडल धरायचं आणि वाट्टेल तिथं न्यायचा. पुढच्या वर्षी वर्ल्डकपची सेमीफायनल काकांकडे बघायची ठरली, तेव्हा आम्ही हँडल धरलं. टीव्ही निघाला. मग लक्षात आलं, की गच्चीवरचा अँटेना निघत नाही, त्याची चपटी वायर काकांच्या गल्लीपर्यंत पुरत नाही, स्टॅबिलायझर वेगळा उचलावा लागतो आणि काकांच्या भिंतीतल्या प्लगात आमच्या तीन पिना जात नाहीत. टीव्ही काकांच्या टेबलावर हँडलसकट बसून राहिला. भारत हरला हे आम्हाला शेजारच्या रेडिओवर कळलं.

सी भाषेला वरून असंच एक हँडल आहे.

बेल लॅब्जमध्ये डेनिस रिचींनी १९७२च्या सुमारास ही भाषा घडवली आणि १९७३ साली युनिक्स ही अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम त्याच भाषेत पुन्हा लिहिली गेली. तोवर ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे त्या त्या मशीनची सहधर्मचारिणी. मशीन गेलं की ती सती जायची. सीमुळे ती दुसरीकडे नांदायला जाऊ शकेल असं दिसायला लागलं आणि १९७७ साली युनिक्सला पीडीपी-११वरून इंटरडेटा नावाच्या वेगळ्याच जातकुळीच्या मशीनवर न्यायचं काम सुरू झालं. त्या काळातला एक किस्सा या धंद्यात अजून सांगतात. एक मशीन आकड्यातला धाकटा बाइट आधी ठेवायचं, दुसरं थोरला आधी. त्यामुळे नव्या मशीननं डोळे उघडल्यावर स्वतःचं नाव ‘युनिक्स’ऐवजी ‘नुक्सी’ असं सांगितलं. अक्षरांच्या जोड्या जागच्या जागी उलटल्या होत्या. आपल्याकडे ‘महाराष्ट्र’चं ‘हामष्ट्ररा’ झालं असतं. स्थलांतराची सुरुवातच अशी आडनाव चुकण्यानं झालेली. पण ‘सी कुठंही चालतं’ ही ख्याती मात्र तेव्हापासून पसरली ती पसरलीच. ती एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेच्या चेअरमनसाहेबांपर्यंतही पोचली होती.

संस्थेचं नाव सांगत नाही. माझी तिथं एक छोटी ठेव आहे.

त्यांचा हिशेबाचा प्रोग्रॅम १९९३ सालचा. पिग्मी, बचत, सोनेतारण, भागधारकांचा लाभांश, सगळं त्यात. लिहिणारा मुलगा तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता, आज तो परदेशी आहे आणि फोन केला की “अजून चालतंय ते?” एवढंच विचारून हसत सुटतो. चालत होतं. ज्या जुन्या कॉम्प्युटरवर चालत होतं तो मात्र दिवाळीच्या आधी वारला. नव्या कॉम्प्युटरवर चौसष्ट बिटांची विंडोज. ती सोळा बिटांचे प्रोग्रॅम दारातही उभे करत नाही. चेअरमन म्हणाले, “मग ते फुकटवालं टाका, लिनक्स. प्रोग्रॅम सीमध्येच आहे ना? सी कुठंही चालतं. आमचा पुतण्या सांगत होता.”

महाराष्ट्रातल्या प्रत्येक संस्थेला एक पुतण्या असतो. त्यावर उपाय नाही.

आता एक कबुली. माझी पिढी सी शिकलेलीच नाही. आम्ही टर्बो सी शिकलो. बोरलँड कंपनीनं ते १९८७ साली डॉससाठी आणलं. निळा पडदा, पिवळी अक्षरं, काखेत नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’. ‘इंट’ किती बाइटचा? दोन. तोंडी परीक्षेत याला दुसरं उत्तर नव्हतं. खरं म्हणजे सीनं असं कधी म्हटलेलंच नाही. निदान सोळा बिट हवेत, बाकी तुमचं मशीन जाणे, एवढंच तिचं म्हणणं. पण बाहेरून आलेल्या परीक्षकाला ‘मशीन जाणे’ असं सांगून कोण पास होणार? एकाच प्रिंटएफमध्ये ‘आय प्लस प्लस’ आणि ‘प्लस प्लस आय’ कोंबून “आउटपुट काय?” असा प्रश्न हमखास यायचा. भाषेच्या नियमाप्रमाणे याचं उत्तर ‘काहीही’ असं आहे. आम्ही ते पाच मार्कांना घोकलेलं आहे.

तर अशा घोकलेल्या सीमधला तो प्रोग्रॅम मी लिनक्सच्या कम्पायलरला दिला. पहिल्या खेपेला ८४७ चुका. पहिलीच चूक : ‘कोनिओ डॉट एच’ सापडत नाही. सापडणार कशी? पडदा पुसायचं सीएलआरएससीआर, कर्सर हलवायचं गोटूएक्सवाय, किल्ली दाबेपर्यंत थांबायचं गेटसीएच, ही सगळी मंडळी आम्हाला सीची सख्खी वाटायची. ती निघाली डॉसकडची, लग्नाला आलेली आणि मग तिथंच राहिलेली. लिनक्समध्येही एक गेटसीएच आहे. नाव तेच, गोत्र वेगळं. पडदा आधी रीतसर ताब्यात घेतल्याशिवाय ते बोलत नाही. मी ते तसंच जोडून दिलं, तर प्रोग्रॅम ‘पासवर्ड टाका’ म्हणाला आणि टाकायची वाटही न बघता आत गेला.

पडद्याचं आणखी एक प्रकरण होतं. त्या मुलाला प्रिंटएफ संथ वाटत असे. म्हणून त्यानं डॉसमधला रंगीत पडद्याचा पत्ता, बी-आठशे, थेट गाठला होता. त्या पत्त्यावर एक बाइट अक्षराचा, एक रंगाचा, असं लिहीत गेलं की पडद्यावर तत्काळ उमटतं. डॉस म्हणजे वाडा होता. कुणीही कुणाच्या स्वयंपाकघरातून जायचं आणि जाता जाता चटणी चाखायची. लिनक्स म्हणजे गेटवर वॉचमन असलेली सोसायटी. बी-आठशेला कोण राहतं, तुमचं काय काम, फोन करून आलात का? उत्तर द्यायच्या आत प्रोग्रॅम फाटकाबाहेर.

पण नाही म्हणणारा परवडतो हो. मला छळलं ते लिनक्सच्या होकारांनी. खातेदारांची फाइल ‘सी कोलन, तिरपी रेघ, पतस, तिरपी रेघ, खाते डॉट डॅट’ या पत्त्यावर आहे, असं प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं. लिनक्सकडे सी नावाचा ड्राइव्ह नसतो आणि डॉसची ती डावीकडे कललेली रेघ फोल्डर वेगळे करत नाही. मला वाटलं, आता तक्रार येईल. छे! ‘फाइल नसेल तर नवी उघड’ एवढं ऐकून त्यानं तो अख्खा पत्ताच नाव म्हणून लावला आणि त्या लांबलचक नावाची एक कोरी फाइल शहाण्यासारखी तयार करून ठेवली. म्हणजे पाकिटावर ‘मु. पो. अमुक, ता. तमुक’ लिहिलेलं बघून पोस्टमननं त्या नावाचा माणूस जन्माला घालावा! भरीला त्या मुलानं खाते डॉट डॅट हे नाव एका ठिकाणी मोठ्या लिपीत, एका ठिकाणी छोट्या आणि एका ठिकाणी मनाला येईल तसं लिहिलं होतं. डॉसला तिन्ही एकच. लिनक्सनं तीन वेगळे संसार मांडून दिले. सकाळच्या ठेवी एकात, दुपारचे हप्ते दुसऱ्यात.

पावत्यांची तऱ्हाही तीच. डॉसमध्ये ‘पीआरएन’ नावाची फाइल उघडून तिच्यात लिहिलं की ते थेट प्रिंटरवर उतरतं. ती फाइल नव्हेच, प्रिंटरचं लाडकं नाव. दोन दिवस कॅशियरताई सांगत होत्या, पावत्या निघत नाहीत. मी केबल बदलली, रिबन बदलली, प्रिंटरच्या पाठीवर थापटी मारली. तिसऱ्या दिवशी सापडलं. लिनक्सनं पीआरएन नावाची एक साधी फाइल करून दोन दिवसांच्या सगळ्या पावत्या तिच्यात, रकान्यांसकट, नीट लिहून ठेवल्या होत्या. सरकारी कचेरीत अर्ज ‘घेतला’ जातो तशा.

खरी जत्रा मात्र खातेवहीत भरली. खातेदाराची नोंद साधी होती : खाते क्रमांक, पंचवीस अक्षरांचं नाव, आणि पैशांमध्ये शिल्लक. टर्बो सीमध्ये क्रमांकाचे दोन बाइट, नावाचे पंचवीस, शिलकीचे चार, एकूण एकतीस. सगळे एकमेकांना खेटून, एसटीत बसतात तसे. नव्या कम्पायलरमध्ये क्रमांक चार बाइटांचा झाला, शिल्लक आठची, शिवाय शिलकीला आठाच्या पाढ्यातलीच जागा लागते म्हणून मधे तीन बाइट रिकामे. एकूण चाळीस. (चौसष्ट बिटांच्या विंडोजवर हीच नोंद छत्तीसची भरते, कारण तिथला ‘लाँग’ वाढायला तयार नाही. एक नोंद, तीन मशीन, तीन मापं.) जुनी फाइल एकतीस-एकतीसची, आणि नवा प्रोग्रॅम ती चाळीस-चाळीसच्या घासांनी खाणार.

मी पहिल्या दोन नोंदी उघडल्या. नावं बदलून सांगतो, अक्षरांचा हिशेब मात्र तोच ठेवतो. नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत, आडनाव आधी. खाते क्रमांक एक, पाटील. क्रमांकाला आता चार बाइट हवे होते, म्हणून त्यानं नावातली पहिली दोन अक्षरं, पी आणि ए, आकडा समजून गिळली. खाते क्रमांक झाला १,०९,५७,६१,९२१ आणि पाटलांचे उरले ‘तिल’. त्यांच्या शिलकीचे आठ बाइट थेट पुढच्या माणसाच्या अंगावर जाऊन पडले. दुसरा खातेदार ‘देशमुख वसंत’. त्यातलं शेवटचं एक अक्षर सोडून अख्खं देशमुख घराणं पाटलांच्या खात्यात रोख रक्कम म्हणून जमा झालं. किती रक्कम? लीलावतीत भास्कराचार्यांनी संख्यांची नावं परार्धापर्यंत दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. पाटलांची शिल्लक ५४ परार्ध पैशांवर गेली होती. देशमुखांचं ते राहिलेलं एक अक्षर आणि वसंतातली पहिली दोन अक्षरं त्यांच्याच खाते क्रमांकात गेली, आणि नावाच्या रकान्यात शिल्लक राहिलं नुसतं ‘संत’.

व्यवस्थापकसाहेबांनी पडद्याकडे बराच वेळ बघितलं. “देशमुखांचं एक वेळ सोडा,” ते म्हणाले, “पण पाटील हे बघून व्याज मागतील.”

मध्यंतरी पुतण्याच्या सूचनेवरून रास्पबेरी पाय नावाच्या, हाताच्या पंजाएवढ्या स्वस्त कॉम्प्युटरवरही एक प्रयोग झाला. त्यात पावतीवरचं मराठी गेलं. नव्वदच्या दशकात मराठी अक्षरं इस्की नावाच्या संकेतानं साठवायचे. त्यात इंग्रजीला १२७पर्यंतचे आकडे, आणि देवनागरीची वस्ती त्याच्या पुढं. क म्हणजे १७९. पण टर्बो सीचा ‘कॅर’ १२७च्या पुढं गेला की उणे होतो, त्यामुळे तिथं क म्हणजे उणे ७७. त्या मुलाच्या हे लक्षात आलं असावं, कारण त्यानं प्रोग्रॅममध्ये अट अशी घातली होती : अक्षर शून्यापेक्षा कमी असेल, तर ते मराठी समजावं. मी ती ओळ दोनदा वाचली. आपल्या भाषेची इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्याही साहित्य संमेलनात ऐकायला मिळाली नव्हती. रास्पबेरी पायच्या एआरएम चिपवर लिनक्समध्ये ‘कॅर’ उणे होतच नाही. कम्पायलरला इशारे द्यायला सांगितले, तेव्हा त्यानं थंडपणे कळवलं, की ही तुलना कायम खोटीच ठरणार. पावत्यांवरची संस्थेची नावं चिनी दिसायला लागली, तसा पुतण्या परीक्षेचं कारण सांगून पुण्याला गेला.

व्याजात एक पैसा कमी येत होता, त्याचं मी फार सांगत नाही. ऑडिटर आणि मी त्या पैशामागं तीन संध्याकाळी घालवल्या. जुना प्रोसेसर अपूर्णांकांचा गुणाकार आत ऐंशी बिटांत करायचा आणि शेवटी कापायचा, नवा पहिल्यापासूनच कापून करतो, एवढंच होतं. ऑडिटरना ते पटलं नाही. त्यांनी खिशातून एक रुपया काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “शंभर दिवसांचं आगाऊ घ्या, पण ताळा जुळवा.”

अखेर सगळं बसलं. नोंदींची मापं हातानं एकतीसवर बांधली, पत्ते बदलले, पीआरएनला प्रिंटरकडे वळवलं, पडदा सभ्य मार्गानं रंगवला. पाटील पाटील झाले, देशमुख संतपदावरून उतरले. मग शेवटचा प्रश्न राहिला, आणि तो माझ्या ८४७ चुकांच्या यादीत नव्हताच.

कॅशियरताई त्या खुर्चीवर तीस वर्षं बसतायत. दिवसाचा ताळा झाला की त्या प्रोग्रॅममधून बाहेर पडायच्या. जुन्या कॉम्प्युटरवर तेव्हा खाली इंग्रजीत एक ओळ उमटायची : ‘नल पॉइंटर असाइनमेंट’. ती दिसली की ताई मागं वळून हाक द्यायच्या, “नळ आला हो!” मग शिपाई शटर ओढायचा, पिग्मी एजंट गाडीला किक मारायचे. १९९३ साली त्या मुलानंच त्यांना सांगितलं होतं म्हणे, की ही ओळ आली म्हणजे सगळं व्यवस्थित बंद झालं. एकदा वीज गेल्यानं ओळ न येताच पडदा काळा झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी अडीचशे रुपयांचा घोळ निघाला. तेव्हापासून नियम पक्का : नळ आल्याशिवाय कुलूप नाही.

ती ओळ म्हणजे खरं तर चोरीची वर्दी. टर्बो सी डेटाच्या अगदी सुरुवातीला बोरलँडच्या स्वामित्वहक्काची एक ओळ ठेवून देतं, आणि प्रोग्रॅम संपताना ती शाबूत आहे का हे बघतं. शून्य पत्त्यावर काही लिहून कुणी ती तुडवली असेल, तर जाता जाता तेवढं सांगतं. अडवत नाही, नुसतं सांगतं. म्हणजे पतसंस्थेचा प्रोग्रॅम तीस वर्षं रोज न चुकता एकाच पाटीवर पाय देत होता, आणि रोज संध्याकाळी त्याची प्रामाणिक कबुली देत होता. लिनक्सवर शून्य पत्त्यावर पाय ठेवला, की ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणून जागीच मुडदा. ती चूक शोधायला मला चार दिवस लागले. वारस नसलेल्या खात्यांमध्ये नामनिर्देशनाचं नाव कोरं होतं, तिथं हा घात व्हायचा. दुरुस्त केली. त्या कामाचा मला मनातून जरा अभिमानही होता.

पहिल्या दिवशी ताईंनी ताळा केला, बाहेर पडल्या, पडद्याकडे बघत बसल्या. शिपाई शटरला हात लावून उभा. पाच मिनिटं गेली.

“अहो, नळ नाही आला.”

“ताई, आता येणार नाही. ती चूक होती. मी काढली.”

“चूक कशी असेल? रोज यायचा.”

मी त्यांना शून्य पत्ता सांगितला, बोरलँडची पाटी सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुमचं बरोबर असेल. पण मी काय म्हणते, कुलूप कशावर लावायचं?” व्यवस्थापकसाहेब केबिनमधून बाहेर आले आणि त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “ते परत बसवता येणार नाही का? फार खर्च असेल तर चेअरमनना विचारतो.”

सव्वासात वाजले होते. मी खुर्ची ओढली, मेनच्या अगदी तळाशी गेलो आणि एक प्रिंटएफ लिहिलं. कम्पायल केलं; एकही चूक नाही, एकही इशारा नाही. ताईंनी पुन्हा आत जाऊन प्रोग्रॅम बंद केला. ओळ उमटली. त्यांनी चष्मा वर करून ती अक्षर न् अक्षर वाचली, पर्स उचलली आणि शिपायाला म्हणाल्या, “नळ आला रे. ओढ शटर.”